सर, मॅडमचं वजन किती?

माझं वजन आता एका अख्ख्या शोरूमला माहीत आहे. काउंटरवरची मुलगी, टाइल्स बघायला आलेलं एक जोडपं, खोकी उचलणारे दोघं आणि ते काका, सगळ्यांना. आणि ते मी सांगितलेलं नाही, माझ्या नवऱ्याने सांगितलं, तेही वरच्या पूर्ण आकड्याला नेऊन, का तर हिशोबाला सोपं पडावं म्हणून.

तर, बाथरूम फोडलंय. पाठ माझी दुखते, टबात पडून राहायची हौस माझी, आणि घ्यायचा तर ॲक्रिलिकचाच हेही माझंच ठरलेलं. ओतीव लोखंडाचा टब सहज शंभर-दीडशे किलोच्या घरात जातो, ॲक्रिलिकचा तीस-चाळीस किलोत आटपतो, शिवाय टेकल्या टेकल्या पाठीला गार लागत नाही. हे सगळं मी वाचून गेले होते. नवरा बरोबर होता कारण गाडी तो चालवत होता. पण दारातून आत पाऊल टाकल्यापासून सेल्समन जो त्याला चिकटला तो चिकटलाच. सर बजेट काय, सर बाथरूमची साइज काय, सर लेफ्ट हॅन्ड का राइट हॅन्ड?

यावर आमचे सर म्हणाले, "मी डावखुरा, पण ही उजवी आहे."

अरे बाबा, तो ड्रेन कुठल्या टोकाला हवंय ते विचारतोय! टबासमोर उभं राहिलं की पाणी जायचं भोक डाव्या हाताला येणार की उजव्या, एवढंच. तुझा कुठला हात चालतो त्याच्याशी टबाला काय करायचंय? हे मी समजावलं तर सेल्समन त्याच्याचकडे बघून हसला, "मॅडमना बरंच माहितीये वाटतं." आणि मग माझ्याकडे वळून अगदी प्रेमाने, "मॅडम, तुम्हाला कलर दाखवतो ना."

टबाचे कलर किती, तर पांढरा. मग ऑफ व्हाइट. मग आयव्हरी. मग पर्ल, जो मला तरी पांढराच दिसला.

मला कलर नको होता हो, मला जाडी हवी होती. ॲक्रिलिकचा टब बनतो कसा, तर सपाट शीट तापवून मऊ करतात, साच्यावर घालतात आणि मधली हवा खेचून घेतात, की शीट साच्याला चिकटून टब तयार. आता ताणलं की पातळ होणारच, आणि सगळ्यात जास्त ताण बसतो तो तळाच्या कोपऱ्यांत. सुरुवातीला ५ मिलिमीटरची शीट होती म्हणून तिथेही ५ राहतात असं नाही. म्हणून मागून फायबरग्लास आणि रेझिनचा थर मारतात, तळाला फळी बसवतात. हा थर नीट मारलाय की नुसता हात फिरवलाय हे पुढून काही केल्या दिसत नाही. पुढून सगळे टब चकचकीत. त्यात स्वस्तातल्या मालात आतून एबीएस नावाचं दुसरंच प्लास्टिक आणि वर ॲक्रिलिकचा नुसता पापुद्रा असतो, तोही पुढून तसाच चकचकीत.

"शीट किती एमएमची आहे?"

"मॅडम, इंपोर्टेड आहे."

"हो, पण जाडी?"

"हाय ग्लॉस आहे मॅडम."

"मागे फायबरचा थर किती?"

"सर, दहा वर्षं वॉरंटी."

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरांना गेलं हे तुमच्या लक्षात आलं असेलच. सर तेव्हा शॉवरची हँडल्स फिरवून बघत होते.

बरं, जाडी नाही तर नाही, निदान लांबी तरी. टबावर लिहिलेलं १७०० बाय ७५०. हे बाहेरून बाहेर. आतल्या भिंती उतरत्या, त्यामुळे तळाला पाय पसरायला किती जागा उरते ते कुठेच लिहिलेलं नाही. टब विकताना त्यात आडवं पडणाऱ्या माणसाचं माप सोडून बाकी सगळी मापं देतात. म्हटलं आत बसून बघते. तर टबाच्या काठावर पाटी, 'कृपया टबमध्ये बसू नये'. अहो मग करू काय, वास घेऊ? बरीच हुज्जत घातल्यावर सेल्समनने नाइलाजाने पाटी उचलली, चपला काढायला लावल्या आणि वर "मॅडम, सावकाश" असं अशा सुरात म्हणाला की टाइल्सवालं जोडपं वळून बघायला लागलं.

आत उतरले. टबावरची निळी प्लॅस्टिकची फिल्म अर्धवट काढलेली होती. ती चुरचुर वाजायला लागली आणि माझ्या ओढणीला चिकटली, ओढणी सोडवायला गेले तर हाताला चिकटली. पाठ टेकली आणि भसकन खाली घसरले. पाणी असतं तर निदान तरंगले असते, कोरड्या टबात माणूस नुसता पडतो. बाथरूममध्ये सकाळी उताणं पडलेलं झुरळ दिसतं ना, तशी मी, गुडघे वर, हात काठ शोधतायत, आणि डोक्यावर छताचे दिवे.

त्या दिव्यांच्या मधोमध एक चेहरा आला.

"ताई, गुडघे वर येतायत तुमचे."

हे काका. नळाचा जुना स्पिंडल कागदात गुंडाळून तसाच नवीन मिळतो का बघायला आलेले. टब घ्यायचा नव्हता, घरात टब नाही, टबात आयुष्यात कधी बसले नाहीत, हे सगळं त्यांनी पुढे आपणहून सांगितलं. पण समोर एक बाई टबात पडलेली आहे आणि तिला सल्ला द्यायला कुणी नाही, हे त्यांना बघवेना. खिशातून मोजपट्टी काढली. खिशात मोजपट्टी घेऊन हिंडणाऱ्या माणसापासून खरं तर लांबच राहावं, पण मी टबात होते, जाणार कुठे? माझ्या टाचेपासून पाठीपर्यंत पट्टी लावायला लागले. मी म्हटलं, "काका, मी बाहेर येते मग मोजा." तर म्हणे, "नको नको, माणूस आत असताना खरं माप कळतं." तळाची लांबी भरली ११८० मिलिमीटर. सतराशेतले बाकीचे गेले उतारात आणि काठात. सेल्समनला म्हणाले, "हे लिहा ना मग बाहेर." हे एक वाक्य मला मनापासून पटलं, इतकं की पुढचा प्रश्न येईपर्यंत माझं काकांबद्दल अतिशय चांगलं मत झालं होतं.

"कितवा मजला?"

"तिसरा," नवरा. आता आला शॉवरमधून बाहेर.

"टबाचं वजन?"

"पस्तीस किलो सर," सेल्समन. बघा! काकांना आकडा मिळाला.

"पाणी किती मावतं?"

"ओव्हरफ्लोपर्यंत २२० लिटर."

"म्हणजे २२० किलो. आणि साहेब, ताईंचं वजन किती?"

मी टबात. मला तोंड आहे, ते काकांपासून हातभर अंतरावर आहे. पण प्रश्न गेला साहेबांना. आणि साहेबांनी, ज्यांना आमच्या लग्नाची तारीख विचारली की फोन काढावा लागतो, त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता आकडा सांगितला, खणखणीत आवाजात. काउंटरवरच्या मुलीने मान वर केली. तो आकडा मी इथे लिहिणार नाहीये.

काकांनी बेरीज केली. टब, पाणी आणि मी. "स्लॅबला विचारून घ्या हो," म्हणाले. मग विसावले, म्हणजे टबाच्या काठावर चक्क बसले. सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण ॲक्रिलिकच्या टबाचा काठ काही बसायला केलेला नसतो, आणि तो किंचित वाकला, ते मी आतून बघितलं. पण काकांना उठवायची कुणाची छाती झाली नाही. बसून त्यांनी मला डोळा दाखवला. खाली वाकून, पापणी बोटाने वर ओढून.

"ही जी वस्तू आहे ना, हीच माझ्या डोळ्यात आहे."

मला वाटलं उन्हाने डोकं फिरलंय. पण घरी येऊन बघितलं तर काका बरोबर होते. हे ॲक्रिलिक म्हणजे पीएमएमए, पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या कॉकपिटचं छत याचं असायचं, आणि ते फुटून काही वैमानिकांच्या डोळ्यांत तुकडे गेले. हॅरॉल्ड रिडली नावाच्या इंग्लिश डॉक्टरच्या लक्षात आलं की काचेच्या तुकड्यावर डोळा जसा बिथरतो तसा यावर बिथरत नाहीये, आणि १९४९ साली लंडनमध्ये त्याने याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग मोतीबिंदूच्या पेशंटच्या डोळ्यात बसवलं. पुढे वर्षानुवर्षं तशीच भिंगं बसवली गेली, आता घडी होणारी मऊ निघालीत. काकांचं ऑपरेशन जुनं, त्यामुळे त्यांच्याकडे कडक माल आहे. "पंचवीस वर्षं झाली, पिवळं पडलं नाही," म्हणाले, "तुमचा टबही नाही पडणार." सेल्समनने हे वाक्य पाठ करून घेतलं असणार, मला खात्री आहे.

मला कुणी बाहेर काढत नव्हतं ते नव्हतंच. हात टेकायला जावं तर निळी फिल्म सरकते. टबाला आतून धरायला दांडी नाही. "दांडी एक्स्ट्रा ॲक्सेसरी आहे मॅडम." म्हणजे आत जायचे पैसे टबात धरलेले आणि बाहेर यायचे वेगळे.

तेवढ्यात काकांना गीझर आठवला. नवरा म्हणाला, २५ लिटरचा. काका हसले, पोट धरून हसले म्हटलं तरी चालेल. "अहो साहेब, नळाचं पाणी धरा २० अंश, गीझरचं ६०. अंगाला हवं ४०. म्हणजे अर्धं गार, अर्धं गरम. आता २२० मधून ताई वजा करा..." इथे त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला खरोखर वजा झाल्यासारखं वाटलं. "...राहिलं दीडशे. त्याचं अर्धं पंचाहत्तर. तीन गीझर पाणी लागणार तुम्हाला. पण ताई, तुमचा फायदा आहे बरं का. बारीक माणसाला जास्त पाणी लागलं असतं."

मिळालेल्या दिलाशाबद्दल मी त्यांचे आभार मानले नाहीत. आणि तुम्ही आता ती वजाबाकी उलटी करत बसू नका. ताईंचं डोकं पाण्याबाहेर असतं, दीडशे हा ढोबळ आकडा आहे, बरंच इकडे तिकडे होतं.

शेवटी खोकीवाल्यांपैकी एकाने हात दिला, निमूटपणे, काही न विचारता. त्या दिवसातला एकमेव कामाचा माणूस.

रात्री मला झोप येईना. काकांनी मला एकदा मिळवलं होतं आणि एकदा वजा केलं होतं. असं कसं चालेल? टब ओव्हरफ्लोपर्यंत भरलेला असेल तर मी आत गेले की माझ्या आकारमानाचं पाणी बाहेर जाणार, आणि माणसाचं अंग जवळपास पाण्याइतक्याच घनतेचं. जेवढी मी आत आले जवळपास तेवढंच पाणी बाहेर गेलं. स्लॅबवर भार तोच, २२० किलो आणि टब, वर फार तर माझं डोकं आणि ते वर आलेले गुडघे. मी असो, नवरा असो, कुणी पैलवान असो. म्हणजे स्लॅबसाठी माझं वजन विचारायची गरजच नव्हती! आर्किमिडीजला हे बावीसशे वर्षांपूर्वी कळलं होतं, तेही टबातच कळलं असं म्हणतात, आणि त्याला कुणी त्याचं वजन विचारल्याचं ऐकिवात नाही. मी नवऱ्याला उठवून हे सांगितलं. तो म्हणाला, "हं, बरोबर आहे," आणि कूस बदलली.

गीझरचं मात्र काकांचं चोख होतं, त्याचाच जास्त राग येतो. २५ लिटर पाणी २० वरून ६० वर न्यायला २ किलोवॅटच्या गीझरला ३५ मिनिटं लागतात. तीन वेळा म्हणजे पावणेदोन तास, साडेतीन युनिट वीज, आणि तिसरा गीझर तापेपर्यंत पहिला टबात निवलेला. हे शोरूममध्ये कुणीही आपणहून सांगत नाही. तिथे जेट दाखवतात, मागच्या उशा दाखवतात, पाण्याखालचे रंगीत दिवे दाखवतात. टब बसवताना तो आधी पाण्याने भरून ठेवायचा आणि मग भिंतीलगत सिलिकॉन मारायचं, नाहीतर पहिल्या अंघोळीला टब खाली दबतो आणि सिलिकॉनची फट उघडते, हेही सांगत नाहीत. पुढच्या पॅनेलला सायफनपर्यंत, म्हणजे टबाखालच्या पाणी जायच्या वाकड्या नळीपर्यंत, हात जाईल असं झाकण ठेवा, नाहीतर गळलं की टाइल्स फोडा, हेही नाही. घासायची पावडर वापरू नका, नेलपॉलिश रिमूव्हर सांडू देऊ नका, ॲसिटोनने ॲक्रिलिक खराब होतं, हे विचारल्यावर सेल्समन म्हणाला, "मॅडम, स्क्रॅचप्रूफ आहे." स्क्रॅचप्रूफ आहे तर चपला का काढायला लावल्या होत्यास रे?

घ्यायचा तर आहेच. पाठ ऐकत नाही. आता थोडा आखूड आणि खोल बघतेय, म्हणजे पाणीही आटोक्यात राहील आणि खांदेही बुडतील, आणि गीझर मोठा घ्यावा लागेल. फॉर्म भरताना नंबर माझा दिला होता, ठसठशीत अक्षरात. काल मेसेज आला तो नवऱ्याच्या फोनवर. 'सर, मॅडमना आयव्हरी फायनल करू का?'

त्याच्या फोनवरून मीच उत्तर टाकलं. तळाच्या कोपऱ्यात शीटची जाडी किती मिलिमीटर आणि मागे फायबरग्लासचा थर किती, एवढं लेखी कळवा.

त्यावर अंगठा आलाय.