माळ, थम आणि ‘निरीक्षक’ यांची प्रतिक्रिया

गेल्या आठवड्यातल्या ‘थम येईना’ या लेखाखाली ‘निरीक्षक’ या नावानं एक प्रतिक्रिया आली आहे. उत्तर द्यायचं नाही असं दोन दिवस ठरवून होतो. बायकोही म्हणाली, कशाला नादी लागता. तिसऱ्या रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला गेलो, लाइट यायची वाट बघत मोटारीपाशी बसून तीच प्रतिक्रिया चौथ्यांदा वाचली, आणि लक्षात आलं की लिहिल्याशिवाय हे डोक्यातून जायचं नाही.

लेख माझ्या चुलतीबद्दल होता. कंट्रोलच्या म्हणजे रेशनच्या दुकानातल्या मशीनवर तिचा थम, म्हणजे अंगठ्याचा ठसा, सलग तीन महिने लागला नाही, एवढाच विषय. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी देतो:

“माऊली, गळ्यात माळ घालून विज्ञानाच्या गप्पा मारू नका, शोभत नाही. थम यायच्या आधी आमच्या गावात निम्मं धान्य काळ्या बाजारात जायचं, मेलेल्यांच्या नावावर उचल व्हायची, ते तुम्ही सोयीनं विसरता. मशीन जात विचारत नाही, दुकानदार विचारायचा. आज ऊसतोडीला कर्नाटकात गेलेला माणूस तिथंही धान्य उचलू शकतो. आणि खासगीपणाचा निकाल २०१८चा नाही, २०१७चा आहे. लिहिण्याआधी बघत जा. ज्याला लपवण्यासारखं काही नाही त्याला अंगठा द्यायला भीती कशाची?”

आधी चुकीचं बोलू. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगणारा नऊ न्यायमूर्तींचा निकाल २४ ऑगस्ट २०१७चा. २६ सप्टेंबर २०१८चा निकाल आधारचा, पाच जणांच्या पीठाचा. तो चार विरुद्ध एक असा लागला आणि रेशनसाठी आधार कायम राहिलं. मी दोन्हींची गल्लत केली. दुरुस्ती केली आहे, आभार. बघत जा म्हणालात, बघितलं. पण एवढं मान्य केलं म्हणजे बाकीचंही केलं असं धरू नका. आमच्याकडे वीतभर बांध सोडला की लोक सातबाराच मागायला येतात.

आता ‘माऊली’. हा शब्द मला हजारो लोकांनी लावला आहे. दिंडीत चहाचा कप पुढे करणाऱ्या बायांनी, रात्री पायाला तेल चोळून देणाऱ्या अनोळखी माणसांनी, आणि बार्शीच्या पुढं एकदा माझ्या पायावरून हातगाडी घालणाऱ्यानंसुद्धा. तुमचा पहिलाच, ज्यात शिवी होती. शब्द आमचा, आणि मारायलाही आमचाच वापरला. तुम्ही नुसतं ‘मूर्खा’ म्हटलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं, खरंच.

‘गळ्यात माळ घालून विज्ञानाच्या गप्पा.’ मी एकोणीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतो. माळ शर्टाच्या आत नसते, बाहेर दिसते. दरवर्षी नववीतलं एखादं पोरगं विचारतंच, सर, तुम्ही देव मानता मग हे कसं शिकवता? त्या पोराला मी जे सांगतो ते तुम्हाला सांगायला हरकत नाही, वय जरा जास्त असलं तरी.

३० सप्टेंबर १९९३ला मी नऊ वर्षांचा होतो. औसा तालुका, किल्लारीपासून आमचं गाव जवळच. आदल्या रात्री गणपती बुडवून आलो होतो. आम्ही पोरं दमून देवळासमोरच्या पारावर झोपलो आणि म्हणून वाचलो. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. माझा चुलता आणि त्याच्या दोन पोरी घरात होत्या. चुलतीला बाहेर काढलं तेव्हा दुपार झाली होती.

पुढं वर्षभर मी दोन प्रकारची माणसं बघितली. एक म्हणत होती, देव कोपला, गावात पाप फार झालं. दुसरी माणसं हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेची होती. किल्लारीला मोठं बोअर यंत्र लावून सहाशे मीटरहून खोल गेली, आम्ही पोरं सायकलवर बघायला जायचो. त्यांच्यातल्या कुणीतरी माझ्या वडलांना सांगितलं की माणसं भूकंपानं मेली नाहीत, भिंतींनी मेली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाची कित्येक थरांची माती. वडील पक्के माळकरी. त्यांनी ते ऐकलं, संध्याकाळी हरिपाठ म्हटला आणि नव्या घराला माळवद घातलं नाही. पत्रे टाकले. उन्हाळ्यात भाजून निघायचो, पण पत्रेच.

याच्याही पुढची गोष्ट महत्त्वाची. भूकंपाच्या तेव्हाच्या नकाशात आमचा भाग झोन एकमध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात. नकाशा मोठ्या माणसांनी केलेला होता, तरी चुकला. मग त्यांनी काय केलं? तुमच्याकडे भूकंप झालाच नाही असं आम्हाला सांगितलं नाही. २००२ला नकाशा बदलला, झोन एक ही वर्गवारीच काढून टाकली, आणि किल्लारी झोन तीनमध्ये टाकली. माझ्या लेखी विज्ञान म्हणतात ते याला. कागद आणि जमीन यांचं जुळलं नाही, तर कागद बदलायचा.

आता दुकानातल्या त्या मशीनकडं या. चुलती समोर उभी आहे. दुकानदार तिला तीस वर्षं ओळखतो, तिच्या हातची भाकरी खाल्लेला माणूस आहे तो. मशीन म्हणतं, जुळत नाही. आणि सगळेच्या सगळे, दुकानदार, तहसीलातला बाबू, तुम्हीसुद्धा, चुलतीच्या बोटाकडं बघता. बोट धू. लिंबू चोळ. तेल लाव. दुसरं बोट ठेव. उद्या ये. निरीक्षकसाहेब, इथं मशीनवर श्रद्धा कुणाची आहे?

तुम्ही या क्षेत्रातले असाल तर तुम्हाला माहीत असणार की बोट ‘जुळलं’ आणि ‘नाही जुळलं’ एवढं सरळ ते नसतं. किती जुळलं याचा आतमध्ये एक आकडा निघतो आणि कुठल्या आकड्यावर रेघ मारायची हे माणसं ठरवतात. रेघ वर नेली की खरा माणूस बाहेर राहतो, खाली आणली की खोटा आत येतो. वयानं बोटावरच्या रेषा झिजतात, कामानं त्याहून लवकर. चाळीस वर्षं कापूस वेचलेली, खुरप्याची मूठ धरलेली, पावसाळ्यात चिखल्यांनी खाल्लेली बोटं आणि की-बोर्डावरची बोटं यांना एकच रेघ. केंद्र सरकारच्याच २०१६-१७च्या आर्थिक पाहणी अहवालात आधार पडताळणी फसण्याचे अंदाज दिलेत: झारखंडात ४९ टक्के, राजस्थानात ३७ टक्के, गुजरातेत ६ टक्के. हे माझे आकडे नाहीत. जुने आहेत, मशीनं आता सुधारली, असं म्हणाल. सुधारली असतील. थम नाही लागला तरी धान्य द्या, वेगळ्या वहीत नोंद ठेवा, असं केंद्रानं २०१७लाच राज्यांना कळवलंय. ती वही आमच्या दुकानात मी मागितली तेव्हा दुकानदारानं मला असं बघितलं, जणू मी त्याच्याकडं ज्ञानेश्वरीची मूळ प्रत मागितली.

ज्ञानेश्वरीवरून आठवलं, आणि माळेचा विषय तुम्हीच काढलाय. पैठणची गोष्ट तुम्हाला माहीतच असेल, बीडकडचे वाटता. संन्याशाची पोरं म्हणून त्या चार भावंडांना पैठणला जाऊन शुद्धिपत्र आणायला सांगितलं. लोकांना त्यातला रेडा आठवतो. रेडा वेद बोलला का, यावर मी वर्गात कधी बोलत नाही आणि घरातही वाद घालत नाही. मला त्या गोष्टीतली सभा आठवते. आईबाप गेलेली चार लेकरं समोर उभी आहेत, सगळ्यांना दिसतायत, आणि सभा म्हणते, तुम्ही तुम्हीच आहात याचा कागद दाखवा. सातशे वर्षं आम्ही कीर्तनात त्या सभेला हसतो, आणि सकाळी उठून आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन रांगेत लागतो. मला हे माळेनं शिकवलं. तुम्हाला विज्ञानानं शिकवलं असतं तरी चाललं असतं.

माझ्या माळेनं कुणाचा तांदूळ अडवलेला नाही. माळ नाही म्हणून मी कुणाला वर्गाबाहेर काढलं नाही. घटनेच्या २५व्या कलमानं माझी श्रद्धा माझ्यापाशी ठेवली, आणि ४२व्या दुरुस्तीनं १९७६ला ५१क हे कलम घालून वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासायचं कर्तव्यही माझ्यावर टाकलं. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत. माझ्या गळ्यात आणि डोक्यात त्यांचं भांडण होत नाही. तुमच्या डोक्यात होत असेल तर ते तुमचं तुम्ही बघा. (हे वाक्य जरा जास्त झालं. पण राहू देतो, ‘शोभत नाही’च्या बदल्यात.)

‘ज्याला लपवण्यासारखं काही नाही त्याला भीती कशाची?’ हे विचारणाऱ्यानं स्वतःचं नाव लिहिलेलं नाही. गावही नाही. फोटोच्या जागी सूर्यास्त आहे. माझी तक्रार नाही हो, नाव न सांगता बोलणं हा तुमचा हक्कच आहे, आणि तुम्ही कोण हे शोधायलाही मी जाणार नाही. फक्त तोच हक्क माझ्या चुलतीला देताना तुमचा हात का आखडतो, तेवढं सांगा.

आणि अंगठा म्हणजे नवं तंत्रज्ञान, असा तुमचा सूर आहे. अंगठा इथलाच आहे, आणि तो संशयातून जन्मला आहे. १८५८ साली बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं एका ठेकेदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला, का तर हा उद्या सही नाकारेल. पुढं हुगळीला पेन्शनवाल्यांचे ठसे घ्यायला लागला, का तर मेलेल्याची पेन्शन दुसरा उचलेल. तुमच्या ‘मेलेल्यांच्या नावावर उचल’चा हा पणजोबा! १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं तर जन्मलेलं पोरच संशयित ठरवलं. तो कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ला त्या जमाती विमुक्त झाल्या, तरी आमच्याकडे कुठं चोरी झाली की पहिली जीप आजही पारध्यांच्या पालावरच जाते. त्यांच्यापाशी काय लपवण्यासारखं होतं? एकदा पालावर जाऊन तुमचं वाक्य वाचून दाखवा. मी सोबत येतो, मोटारसायकल माझी.

भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडमध्येही यादी झाली होती. कागद सगळ्यांचेच मातीखाली. कारकून विचारायचा, ही कोण? दोघं जण सांगायचे, अमक्याची बायको. तो लिहायचा. चुलतीचं नाव असंच लागलं. त्या यादीत खोटी नावं घुसली, नाही असं नाही. पण खरं नाव बाहेर राहिलं, असं आमच्या शेडमध्ये तरी एकही नव्हतं.

बाकीचं राहिलं. काळा बाजार होता, मान्य. पण चोरी दुकानदार करायचा आणि अंगठा तपासतात म्हातारीचा. थम घेऊन झाल्यावर पाचच्या जागी साडेचार किलो मापलं तर मशीनला कळत नाही. कर्नाटकात धान्य मिळतं, चांगलंच आहे, पण त्यासाठी आधी केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, लागते, आणि ती करायची तर टोळी तेव्हा फडात असते. जातीचं म्हणालात. मशीन जात विचारत नाही, बरोबर आहे. त्यावर बरंच बोलता येईल, पण उत्तर आधीच लांबलंय. पुन्हा कधीतरी.

चुलतीला तुमची प्रतिक्रिया वाचून दाखवली. माळेचं तिनं ऐकून सोडून दिलं. शेवटच्या वाक्यावर म्हणाली, “भीती कशाची रं, मी तर दर महिन्याला देतीय अंगठा. घेत न्हाई त्ये.” मग विचारलंन, ह्यो माणूस आपल्याकडला हाय का? मी म्हटलं, माहीत नाही, नाव लिहिलं नाही.

लेखाखालच्या प्रतिक्रिया बंद केलेल्या नाहीत. सोमवारी अर्धी रजा टाकून तिला पुन्हा दुकानावर न्यायचं आहे, या वेळी डोळ्याचं मशीन आणणार आहेत म्हणे. त्यामुळं तुमचं उत्तर आलं तर माझं मंगळवारपर्यंत येईल.