अर्थिंगची पिन काढू नका: हमिंगवरच्या ‘रामबाण’ मेसेजला उत्तर

घरी गाणी, पॉडकास्ट रेकॉर्ड करणाऱ्यांमध्ये एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. ‘रेकॉर्डिंगमध्ये नको तो आवाज येतोय? पाच मिनिटांत रामबाण इलाज!’ खाली पाच उपाय दिलेत: प्लगची अर्थिंगची पिन काढा, लेव्हल लाल रेषेपर्यंत चढवा, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ९६ किलोहर्ट्झ करा, भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा आणि एवढं करून भागलं नाही तर भारीतला माइक घ्या. यातला पहिला उपाय एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून हे लिहायला बसले.

मुळात ‘नको तो आवाज’ असा एकच आजार नसतो. खर्जातलं ‘घूंऽऽ’ (हमिंग) वेगळं, वाफ सुटल्यासारखं ‘स्सऽऽ’ (हिस) वेगळं, मधूनच येणारी टिकटिक वेगळी. आधी डोळे मिटून नीट ऐकायचं आणि यातलं आपलं कोणतं ते ठरवायचं.

‘अर्थिंगची पिन काढली की हमिंग थांबतं.’ कधी कधी थांबतं, आणि म्हणूनच हा सल्ला मरत नाही. लॅपटॉपचा चार्जर एका प्लगवर, स्पीकर दुसऱ्या प्लगवर आणि दोघांनाही अर्थिंग. शिवाय दोघांच्या मध्ये ऑडिओ केबल, तिच्या जाळीतूनही अर्थ जोडलेलं. म्हणजे अर्थला दोन वाटा मिळाल्या, एक फेरा तयार झाला. त्यात विजेच्या फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्झचा, बारीक प्रवाह फिरतो आणि सिग्नलमध्ये मिसळतो. पिन काढली की फेरा तुटतो हे खरं, पण तो नेमका तुटायला नको तिथे तुटतो.

अर्थिंग आवाजासाठी नसतंच. उपकरणाच्या आत फेजची वायर सुटून धातूच्या बॉडीला टेकली, तर करंट अर्थमधून जावा आणि फ्यूज उडावा, यासाठी ती पिन असते. ती नसेल तर फ्यूज उडत नाही. बॉडीत करंट तसाच राहतो आणि बाहेरून काही कळत नाही. आता गिटार वाजवत गाणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. बोटं तारांवर, तारा अँपच्या बॉडीला जोडलेल्या. ओठ माइकच्या जाळीला, जाळी इंटरफेसच्या (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याच्या) बॉडीला जोडलेली. दोन्हींच्या मधला रस्ता त्याच्या छातीतून जातो. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मंचावरच दगावला. तो २७ वर्षांचा होता.

मग हमिंगचं काय करायचं? एकेक वस्तू सोडवत जायचं. मला एका संध्याकाळी स्पीकरमधून असंच ‘घूंऽऽ’ ऐकू येत होतं. लॅपटॉपचा चार्जर उपसला, एकदम शांत. परत लावला, पुन्हा ‘घूंऽऽ’. चोर सापडला! सगळे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणले तेव्हा निम्मं कमी झालं. इंटरफेस ते स्पीकर ही साधी केबल काढून बॅलन्स्ड केबल लावली, तेव्हा उरलेलंही गेलं. बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नलच्या दोन वायरी असतात. बाहेरची गुणगुण दोन्हींत सारखीच शिरते, पुढचं उपकरण दोन्हींतला फरक तेवढा घेतं, आणि सारखं असलेलं कापलं जातं. तरीही राहिलं तर ऑडिओ लाइनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन बाजू तारेने न जोडता सिग्नल पलीकडे नेणारा) लावता येतो. डीआय बॉक्सवर (वाद्य आणि मिक्सर किंवा इंटरफेस यांच्या मध्ये जोडायच्या छोट्या डब्यावर) ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचं बटण असतं. ते सिग्नल केबलची जाळी सोडवतं, विजेच्या अर्थला हातही लावत नाही. मेसेज लिहिणाऱ्याची गल्लत बहुधा इथेच झाली असावी.

इलेक्ट्रिक गिटार हातात धरून तुम्ही जागच्या जागी वळलात आणि हमिंग कमीजास्त झालं, तर तो अर्थिंगचा मामलाच नाही. गिटारचा पिकअप (तारांचं कंपन पकडणारं चुंबक) आजूबाजूचा ट्रान्सफॉर्मर किंवा दिव्याचा डिमर ऐकतोय. गिटार त्यांच्यापासून लांब न्या. आणि माइकला ओठ लागताच झिणझिण्या आल्या, तर रेकॉर्डिंग तिथेच थांबवा, सगळे प्लग काढा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

‘लेव्हल लाल रेषेपर्यंत चढवा, म्हणजे हिस दबते.’ टेपच्या काळात यात तथ्य होतं, कारण हिस टेपचीच असायची. आज २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजाच्या मध्ये कागदावर १४४ डेसिबलची जागा असते. सगळ्यात जोरातले सूर मीटरवर उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास राहिले तरी काही बिघडत नाही. शून्याच्या, म्हणजे मीटरच्या कमाल मर्यादेच्या, वर गेलं की मात्र लाटेचा माथा छाटला जातो, आणि गाणाऱ्याने त्या दिवशी लावलेला तो सूर पुन्हा हाती लागत नाही. गेन (माइकचा सिग्नल मोठा करणारं बटण) चढवला की आवाजाबरोबर खोलीची सुरसुरही तितकीच चढते. हिसवर खरा उपाय म्हणजे तोंड माइकजवळ आणणं. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि खोली होती तेवढीच राहते.

‘९६ किलोहर्ट्झ केलं की टिकटिक जाते.’ उलट वाढू शकते! टिकटिक बहुतेक वेळा कॉम्प्युटरला धाप लागल्याची असते. कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो बफर. २५६ सॅम्पलचा बफर ४८ किलोहर्ट्झवर सुमारे ५.३ मिलिसेकंदांचा असतो. रेट ९६ केला की तेवढ्याच कामाला निम्मा वेळ मिळतो. बफर ५१२ करा, मागे उघडे असलेले प्रोग्रॅम बंद करा. इंटरफेस आणि प्रोजेक्टचा रेट एकच आहे ना, तेही बघा. ४४.१चं रेकॉर्डिंग चुकून ४८वर वाजलं तर पांढरी एकमध्ये गायलेलं काळी एकच्याही वर सरकतं, आणि आपण उगाच गळ्याला दोष देत बसतो.

अंड्यांच्या ट्रेबद्दल थोडक्यात: बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तिला पुठ्ठ्याचं काय कौतुक? शिवाय तो पुठ्ठा चटकन पेट घेतो.

राहिला नवा माइक. पैसे खर्च करण्याआधी गेन आहे तिथेच ठेवून माइकची केबल इंटरफेसमधून काढा (कंडेन्सर माइक असेल तर आधी त्याला वीज पुरवणारं ‘फँटम’ बटण बंद करा) आणि अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. आवाज तसाच असेल तर माइक निर्दोष आहे, गडबड इंटरफेसमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. आवाज गेला, तर आधी दुसरी केबल लावून बघा. मग जुनी केबल परत लावून, कनेक्टरपाशी धरून हळूच हलवा. खरखर झाली, तर आतली एखादी वायर सुटली आहे आणि सोल्डरचा एक टाका पुरेल.