एक्सप्लोरेशन म्हणता आणि प्रवासच गाळता?

अरे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) या पात्रं वठवून खेळायच्या खेळासाठी खेळाडू हवेत म्हणून जाहिरात द्यायची, तिच्यात मोठ्या अक्षरात ‘एक्सप्लोरेशन कॅम्पेन’, म्हणजे अनोळखी मुलूख धुंडाळायचा सलग खेळ, असं लिहायचं, हेक्स मॅपचा (षटकोनी घरांच्या नकाशाचा) झकास फोटो टाकायचा, आणि पहिल्याच सेशनला डीएम (खेळ चालवणारा) म्हणणार, ‘तुम्ही आठ दिवस चाललात, गुहेपाशी पोचलात, इनिशिएटिव्ह रोल करा,’ म्हणजे फासे टाकून थेट लढाईच सुरू. मग ते आठ दिवस गेले कुठे? नदी कुठून ओलांडली, वाट चुकलो का, पाणी पुरलं का, काहीच नाही! दर वेळी नवा ग्रुप, नवा डिस्कॉर्ड सर्व्हर आणि हीच रड. बॅकस्टोरी (पात्राचा पूर्वेतिहास) पानंच्या पानं मागतात, पण रेशन मोजूया म्हटलं की सगळ्यांना कंटाळा येतो.

१९७४ च्या मूळ डी अँड डीमध्ये रानातल्या प्रवासासाठी चक्क ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या बोर्डगेमचा नकाशा वापरायला सांगितलं होतं, म्हणजे भटकंती पहिल्यापासून या खेळात आहे, मागाहून चिकटवलेली नाही. पुढे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत गुडबेरी हा मंत्र टाकला की दहा बेऱ्या, एका बेरीत माणसाचं दिवसाचं जेवण, आणि रेंजर (रानावनात तरबेज पात्र) त्याच्या आवडत्या भूभागात कुणी जादूने भुलवल्याशिवाय वाट चुकतच नाही, हे मान्य, नियमांनीच धास्ती काढून घेतलीय. पण डीएमने मनावर घेतलं तर जमतं हो! ६ मैलांचे हेक्स, साध्या चालीने दिवसाला २४ मैल, हवामान ठरवायचा तक्ता, रँडम एन्काउंटर (फाशांवर ठरणाऱ्या वाटेतल्या अचानक गाठी), आणि नकाशा खेळाडूंनी स्वतः काढायचा, कोऱ्या कागदावर, चुकत चुकत, यातच तर सगळी मजा आहे ना!

नसेल करायचं तर सरळ ‘लढाया आणि कथा’ लिहा, तेही खेळणारे भरपूर आहेत, पण आम्हाला खोटी आशा दाखवून बोलावू नका.