गुलमोहराच्या बुंध्याशी

तपोवनातल्या झाडांवरून नाशकात वाद पेटला तेव्हापासून एक सूर कानातून जात नाही. 2027च्या कुंभमेळ्यासाठी साधुग्रामची जागा मोकळी करायची म्हणून झाडं तोडायचा प्रस्ताव आला, लोक रस्त्यावर उतरले. त्या गदारोळात बरेच जण म्हणत राहिले की त्यातली कितीतरी झाडं परदेशीच आहेत, गुलमोहर काय आणि रेन ट्री काय, गेली तर बिघडलं कुठे. आता हेच गंगापूर रोडच्या झाडांबद्दल ऐकू येतं, सिडकोतल्या झाडांबद्दलही. देशी लावा, परदेशी काढा, म्हणजे प्रश्न मिटला!

गुलमोहर मूळचा मादागास्करचा, भारतात आला एकोणिसाव्या शतकात. जॅकरंडा दक्षिण अमेरिकेतला. हे सगळं खरं. पण पिंपळगावच्या बाजारात क्रेटनं विकला जाणारा टोमॅटोही दक्षिण अमेरिकेतलाच, आणि ज्या थॉमसन द्राक्षावर निम्म्या जिल्ह्याची घरं उभी राहिली तेही बाहेरचंच. त्यांना कोणी मूळ गाव विचारत नाही.

मी आता राहतो त्या ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये हाच गुलमोहर जुन्या लाकडी घरांच्या अंगणात छत्रीसारखा पसरलेला असतो. न्यू फार्म पार्कमध्ये जॅकरंडाचा जांभळा सडा ओसरतो न ओसरतो तोच तो पेटतो. इथेही दोन्ही झाडं परकीच. पण ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलंडमध्ये आपल्याकडच्या बागांतलं पिचकारीचं झाड विकायला किंवा कोणाला द्यायलाही बंदी आहे, कारण त्याचं बी वाऱ्यावर उडून ओढ्याकाठच्या रानात घुसतं. इथे झाडाचं मूळ गाव बघत नाहीत, वागणूक बघतात. त्या न्यायानं सुबाभळीवर नाशकातही बोट ठेवा, माझी ना नाही. ती नदीकाठ गिळते. गुलमोहरानं मात्र त्र्यंबकच्या डोंगरात घुसून कुठलं जंगल बळकावलेलं नाही.

मग वळिवाच्या पहिल्याच वाऱ्यात गुलमोहर रिक्षांवर का कोसळतात? त्याचं लाकूड हलकं आणि ठिसूळ असतं, मुळं खोल न जाता आडवी पसरतात, हे मान्यच. पण पडलेल्या झाडाचा बुंधा एकदा नीट बघावा. बहुतेक वेळा एका बाजूची जाड मुळं सरळ रेषेत कापलेली दिसतात. तिथून ड्रेनेजचा नाहीतर केबलचा चर गेलेला असतो. दुसऱ्या बाजूला पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट थेट सालीला भिडलेलं. मुळांना हवा नाही, पाणी नाही, साल दबून कुजते, बुरशी आत शिरते. चार-पाच वर्षं झाड वरून हिरवंच दिसतं आणि मग एका संध्याकाळी आडवं होतं. पंचनाम्यात कारण लिहिलं जातं वादळ.

इथे बांधकाम किंवा खोदाई करताना झाडासाठी एक साधा हिशेब धरतात, ऑस्ट्रेलियन मानक 4970चा. जमिनीपासून 1.4 मीटर उंचीवर खोडाचा व्यास मोजायचा, त्याला 12ने गुणायचं. येईल तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ झाडाचं. खोड 50 सेंटिमीटरचं असेल तर 6 मीटर. तिथे यंत्र लावायचं तर आधी झाडांच्या जाणकाराचा अहवाल लागतो, आणि नळ न्यायचाच असेल तर तो मुळांखालून भोक पाडून नेतात. मेन रोडवर 6 मीटर कुठून आणणार, हे मला कळतं. पण राष्ट्रीय हरित लवादानं 2013 साली दिल्लीसाठी झाडाभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं होतं. एक मीटर तर कॉलेज रोडलाही निघतो.

देशी झाडं लावावीत यात वादच नाही, आणि नाशिकनं ते करूनही दाखवलंय. सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर 2015 पासून लोकांनी देवराई उभी केलीय, आणि तिथे देशीच हवीत. पण रस्त्याची गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात फुलणारं झाड उन्हाळ्यात सावली देतंच असं नाही, हे या चर्चेत कोणी बोलत नाही. पळस आणि काटेसावर फुलतात तेव्हा बोडके असतात. बहावाही एप्रिल-मेमध्ये पानं झाडून मग पिवळे झुंबर सोडतो. डोळे निवतात, डोकं तापतं. गुलमोहराला फुलांबरोबरच नवी पालवी येते. करंज तर ऐन उन्हाळ्यात तुकतुकीत पानांनी भरून येतो. बसस्टॉपवर, भाजीवाल्या मावशी बसतात तिथे, शाळेच्या फाटकाशी करंज हवा. बहावा चौकाच्या कोपऱ्यावर, जिथे तो लांबून दिसेल आणि खाली कोणाला तासभर उभं राहायचं नसेल. तामण, आपलं राज्यफूल, गोदेकाठच्या ओलाव्यात खुलते. मुरमाड उतारावर लावली तर खुरटते. गुलमोहर अरुंद फुटपाथवर आणि तारांखाली नकोच. त्याला मैदान द्या, उद्यान द्या, भिंतीपासून किमान पाच मीटर लांब, दोन झाडांत दहा मीटर. दुभाजकावरच्या हिरवळीत लावून त्याला रोज पाणी पाजत बसलं तर पानं भरपूर येतात, फूल कमी. ताण बसल्याशिवाय तो नीट फुलत नाही.

लावण्याचंही तसंच. फोटोसाठी पाच जूनला, पर्यावरण दिनी, खड्डा आणि रोप एकदमच होतं, तिथेच चुकतं. खड्डा एप्रिलमध्ये खणून महिनाभर उन्हात तापू द्यावा. तीन फूट लांब, रुंद, खोल. खाली मुरूम लागला तर तो बाहेर काढून पोयटा भरावा, त्यात दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. दोन चांगले पाऊस झाले की सहा-आठ फुटांचं रोप लावावं. पिशवी पूर्ण काढावी. किती खड्ड्यांत ती तशीच पुरलेली निघते! पिशवीत गोल फिरलेली मुळं उभ्या चिरांनी मोकळी केली नाहीत तर दहा वर्षांनी तीच झाडाचा गळा आवळतात. मुळांचा वरचा गळा जमिनीच्या पातळीला यावा, खाली गाडला जाऊ नये. दोन बांबू, सैल आठच्या आकड्यात सायकलची ट्यूब, आणि वर्षभरानं ती सोडायची. लोखंडी जाळी वेळेत काढली नाही तर साल तिला गिळते.

त्यानंतरचे तीन उन्हाळे महत्त्वाचे. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा 15-20 लिटर, दुसऱ्यात आठवड्याला एकदा 30-40, तिसऱ्यात पंधरा दिवसांनी. आळ्यात तीन इंच पालापाचोळा, खोडापासून वीतभर लांब. इतकं झालं की बहुतेक झाडं आपली आपण तगतात.

2021च्या दुरुस्तीनंतर राज्याचा कायदा सांगतो की तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी झाडं लावायची आणि सात वर्षं जगवायची. चाळीस वर्षांच्या झाडाला चाळीस रोपं. कागदावर हे न्यायाचं वाटतं. पण ती चाळीस रोपं जागा मिळेल तिथे, बहुधा गावाबाहेर लागतात, आणि नाशकातल्या द्वारका चौकात सिग्नलवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर ऊनच राहतं. मोगलांच्या काळात या शहराचं नाव गुलशनाबाद होतं. पंचवटीचं नाव तर पाच वडांवरूनच पडलं. अशा शहरानं सावलीची भरपाई शहराबाहेर करावी हे मला लागतं.

परक्या झाडाची बाजू परदेशी गेलेला माणूसच घेणार, असं कोणी म्हणेल. असेलही त्यात तथ्य. गुलमोहराला परका म्हटलं की मला ते झाडापुरतं ऐकू येत नाही, हे कबूल करतो. आणि हेही कबूल करतो की ब्रिस्बेनचं जे सोयीचं तेच वर सांगितलं. इथेही तारांखालची झाडं मधोमध कापून इंग्रजी व्ही अक्षरासारखी केलेली असतात, नव्या वसाहतींत तीनशे-चारशे चौरस मीटरच्या प्लॉटवर घर बसवलं की गुलमोहराला जागाच उरत नाही. शिवाय नाशकातल्या रोपाला मे महिन्यात वीस लिटरचा कॅन उचलून पाणी घालणारा हात माझा नाही. तो इंदिरानगरातल्या एखाद्या काकांचा असतो, नाहीतर टँकरवरच्या पोराचा. बोलण्याचा माझा हक्क तेवढ्यानं कमी होतो.

ब्रिस्बेनमध्ये गुलमोहर नोव्हेंबर-डिसेंबरात फुलतो. मे महिन्यात त्याला काळ्या शेंगा लटकत असतात. नाशिकचा मे मला आता फोनच्या पडद्यावरच दिसतो. लोक फुललेल्या शेंड्यांचे फोटो पाठवतात आणि माझी नजर आधी खाली बुंध्याशी जाते, पेव्हर ब्लॉक कुठपर्यंत आलेत ते बघायला.