सापडलेली दहाची नोट

गोव्यातल्या डिचोली-साखळीकडच्या पालकांनो, मुलाला पाद्रींच्या शाळेत घातलंत ते इंग्रजीसाठी, हे आपसात कबूल करायला हरकत नाही. पण आता तिथे गणितातल्या पहिल्या नंबराला पूर्वीचा भाव राहिलेला नाही. आमच्या मुलीच्या शाळेत दर महिन्याला एक मूल्य असतं. जूनला प्रामाणिकपणा, जुलैला करुणा, ऑगस्टला सेवाभाव. त्या मूल्यात जो उठून दिसेल त्याला असेंब्लीत फादर स्वतः सर्टिफिकेट देतात. ‘उठून दिसेल’ हे शब्द नीट वाचा, सगळी किल्ली तिथे आहे.

प्रामाणिकपणा स्वस्तात होतो. खर्च दहा रुपये. मुलाला शाळेच्या आवारात दहाची नोट ‘सापडू’ द्या. मात्र नोट कोरी करकरीत नको, तशी आजवर कोणालाच सापडलेली नाही. सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, सुटे घेताना एखादी मळकी मागून घ्या. नोटेचा मालक शोधत फिरू नको, हेही पोराला बजावा. चुकून तो सापडला तर मामला दोघांतच मिटतो आणि नोट फुकट जाते. थेट क्लास टीचरकडे जायचं, तेही हजेरी चालू असताना. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला वर्षभरात चार नोटा सापडल्या. चौथ्या वेळी टीचर म्हणाली, ‘बाबा, जरा समोर बघून चाल.’ पण तोवर सर्टिफिकेट फ्रेममध्ये गेलं होतं.

करुणेला साक्षीदार लागतात, म्हणून ती मधल्या सुट्टीत करावी. डब्यातला अर्धा पाव मित्राला द्यायचाच असेल तर स्टाफरूमच्या खिडकीसमोर. उजव्या हाताने केलेलं दान डाव्या हाताला कळू नये, असं मत्तयच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात आहे खरं. ख्रिस्ती मुलं ते कॅटेकिझममध्ये, म्हणजे धर्मशिक्षणाच्या तासाला, शिकतात. त्याच तासाला आपली मुलं शेजारच्या वर्गात व्हॅल्यू एज्युकेशनला बसून साधारण तेच शिकतात. शिकू द्या. डाव्या हाताला नाही कळलं तरी चालेल, टीचरला कळलं पाहिजे.

1542 साली फ्रान्सिस झेवियर गोव्यात आले. हातात घंटा घेऊन ते रस्त्यारस्त्यातून फिरायचे आणि पोरं गोळा करायचे, असं सांगतात. घंटा वाजवली, शिकवलं, घरी पाठवलं. त्या महिन्याचा आदर्श विद्यार्थी कोण, हे ठरवायचं राहूनच गेलं बिचाऱ्यांचं. आता घंटा आपण वाजवायची, आपल्या पोराची.

सेवाभावासाठी 15 ऑगस्ट सोडू नका. स्वातंत्र्यदिन आणि मारियेच्या स्वर्गारोहणाचं फेस्त एकाच दिवशी, म्हणजे झेंडाही असतो आणि फुलंही. हार हातात घेऊन उभं राहायला जागाच जागा.

टीचरला दोष देऊ नका हं. एका वर्गात चाळीसेक पोरं आणि नाव शुक्रवारपर्यंत ऑफिसात द्यायचं. समोर दिसेल तेच ती लिहिणार.

मुलीच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याच्यापासून तेवढं सावध राहा. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या एका सोबत्याचं दप्तर तो बालरथातून, म्हणजे शाळेच्या बसमधून, उतरवून रोज दुसऱ्या मजल्यावर नेतो. त्यामुळे असेंब्लीला उशीर होतो. डायरीत लाल शाईने तीनदा ‘लेट’ पडलंय आणि खाली वडिलांची मराठीत सही. उशिराचं कारण त्याने टीचरला सांगितलं नाही, घरीही नाही. सप्टेंबरचं मूल्य वक्तशीरपणा आहे, तेव्हा त्याचा विषय मिटलाच.

बक्षीस समारंभ संपला की हाच मुलगा हॉलमधल्या खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावत असतो. आपल्या मुलालाही हाक मारेल तो. मुलाला आधीच सांगून ठेवा, जाऊ नकोस, सर्टिफिकेट मळेल.