लेकराला जबरदस्ती भरवायचा तो मेसेज पुढे पाठवू नका

सध्या आपल्या तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला आहे. दोन वर्षांच्या लेकरानं रोज चार वाट्या खाल्ल्याच पाहिजेत, नाही खाल्ल्या तर मोबाईल दाखवून नाहीतर हातपाय धरून भरवा, तरी नाही जमलं तर दूध-बिस्किटावर पोट भरा, एकदा थुंकलेली भाजी परत देऊ नका, आणि एवढं करून जेवत नसेल तर पोटात जंत आहेत, भुकेचं टॉनिक सुरू करा. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी चालवते, दर महिन्याला लेकरांची वजनं घेते, आणि नव्या आया खरंच हे सगळं करून राहिल्या आहेत म्हणून लिहिते.

चार वाट्यांचं पहिले. जन्मताना 3 किलोचं लेकरू वर्षाचं होईस्तोवर साधारण 9 किलोचं होते, आणि पुढच्या अख्ख्या वर्षात फक्त दोन-अडीच किलो वाढते. वाढ हळू झाली की भूक कमी होणारच. एक दिवस वरण-भाकर चापून खाईल, दुसऱ्या दिवशी दोन घासात तोंड फिरवेल, हे नॉर्मल आहे. त्यात आपल्याकडचा मे महिना, 45 डिग्रीत मोठ्या माणसाला जेवण जात नाही, लेकराला कुठून जाईल? तेव्हा ऊन तापायच्या आत अन् दिवे लागल्यावर जेवू घाला, मधल्या वेळात ताक, ज्वारीची आंबील द्या. वजन दर महिन्याला चढत असेल तर वाट्या मोजायची काही गरज नाही.

जबरदस्तीचा मला खरंच राग येतो. परवा एका घरी गेली तर आजीनं नातवाला मांडीवर आडवं पाडलेलं, समोर मोबाईलवर कार्टून, पोट्ट्याचा एक गाल फुगलेला, घास तसाच धरून ठेवलेला, गिळेना ना थुंकेना, अन् आजी वरून दुसरा घास कोंबून राहिली. आजीचा जीव आहे त्याच्यावर म्हणूनच करते, हे मला कळते. पण आडवं लेकरू रडत असताना घास श्वासनळीत गेला तर? (याच कारणानं लहान लेकराला अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, कूट करून द्या.) आणि रोजचीच जबरदस्ती झाली की ताट दिसलं की लेकरू पळते, आपलं पोट भरलं की नाही हे त्याचं त्यालाच कळेनासं होते. मोबाईलबद्दल तर आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाच सांगते की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच. काय शिजवायचं अन् किती वाजता द्यायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते लेकराला ठरवू द्यायचं. सगळ्यांसोबत खाली बसवा, स्वतःच्या हातानं सांडू द्या, वीस मिनिटांनी ताट उचला, रागवू नका, दोन-तीन तासांनी पुन्हा द्या, मधल्या वेळात बिस्किटासारखा खाऊ नाही.

दूध-बिस्किटाचा सल्ला तर उलट भूक मारणारा आहे. कापूस वेचणीच्या दिवसात आई सकाळीच वावरात जाते, घरी लेकरू रडलं की पाच रुपयाचा पुडा चहात बुडवून दिला, वरून दोन ग्लास दूध. दूध चांगलंच, पण दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेलं की पोट त्यानंच भरते, आणि गाईम्हशीच्या दुधात लोह नसल्यासारखंच असते. चहा तर जेवणातलं लोहही अंगी लागू देत नाही. लोह कमी पडलं की रक्त कमी, रक्त कमी की भूक मरते, मग जेवत नाही म्हणून अजून दूध! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या 67 टक्के लेकरांत रक्त कमी निघालं होतं, हे डोक्यात ठेवा. दूध जेवण झाल्यावर द्या, वरणावर लिंबू पिळा, घरात चालत असेल तर अंडं द्या, आशाताई लोहाचं सिरप देते ते आठवड्यातून दोनदा 1 मिली न चुकता पाजा.

थुंकलेली भाजी परत द्यायचीच. नवी चव जिभेवर बसायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही लागतात. आमच्याकडे एक पोरगी बरबटीची (चवळीची) उसळ दिसली की वाटी सरकवायची. आम्ही काही म्हटलं नाही, दर वेळी चमचाभर ताटात वाढत राहिलो, ती पहिले बोटानं एकेक दाणा दाबून पाहायची, मग शेजारच्याचं पाहून एक तोंडात टाकला, आता मागून घेते. "खाशील तर चॉकलेट देईन" असं मात्र म्हणू नका, त्यानं चॉकलेटच जास्त आवडते.

जंत असू शकतात, पण त्यासाठी अंदाज कशाला? 10 फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, अंगणवाडीत गोळी फुकट मिळते, एक ते दोन वर्षांच्या लेकराला अर्धी, पुढे पूर्ण, चुरून पाण्यासोबत. भुकेच्या बऱ्याच सिरपात मात्र सायप्रोहेप्टाडीन असते, ते मुळात ॲलर्जीचं औषध, लेकराला गुंगी आणते, दोन वर्षांखाली तर देऊच नये, म्हणून डॉक्टरला विचारल्याशिवाय मेडिकलमधून आणू नका. डब्यातल्या चॉकलेटी पावडरींत साखरच लय असते.

दोन महिने वजन चढलं नाही, लेकरू माती खाते, पांढरं पडलं, किंवा गिळताना दर वेळी ठसका लागतो, तर मात्र थांबू नका. आमच्याकडे दंड मोजायची पट्टी आहे, सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंड 11.5 सेंटीमीटरच्या खाली भरला की लाल, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्यायचं.