चव सुनेच्या हातातून गेलेली नाही

आमच्या भागातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: म्हाताऱ्या माणसाला जेवण बेचव लागतं, कारण जेवणच बेचव झालंय. हायब्रीड बियाणं, रासायनिक खतं, गॅसची शेगडी आणि स्वयंपाकात जीव नसलेल्या सुना यांनी चव घालवली. जुन्या माणसाची जीभ पारखी असते, ती चुकत नाही. खाली उपायही दिलेत: तांब्याच्या पट्टीने जीभ घासा, मीठ-तिखट वाढवा, तोंड कडू करणाऱ्या गोळ्या बंद करा. आणि वास येत नसेल तर मनावर घेऊ नका, या वयात नाकाचं काय काम?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात नर्स आहे. रक्तदाब मोजायला घरोघरी जाते, तेव्हा या मजकुराचं पुढे काय होतं ते दिसतं. सासरे ताट सरकवून विचारतात, "वरनात मीठ टाकाले इसरली काय वं?" सून मुकाट्याने मीठ वाढते. संध्याकाळी पुन्हा तेच. काही दिवसांनी ती बाई स्वतःच म्हणायला लागते की माझ्या हाताला चवच नाही. हे मला सहन होत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा, अन्नच बेचव झालं. यात काही खरं आहे ते आधी मान्य करते. चुलीवरच्या भाकरीला जो धुराचा वास असतो तो गॅसवर येत नाही. टोमॅटोवर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की नव्या वाणांमध्ये सुवास देणारी बरीच द्रव्यं जुन्या वाणांपेक्षा कमी झाली आहेत. पण हा बदल घरातल्या सगळ्यांच्याच ताटात झालाय. एकाच गंजातलं वरण नातवाला खमंग आणि आजोबांना आळणी लागत असेल, तर कारण त्या गंजात सापडणार नाही. काळाचा हिशेबही जुळत नाही. आपल्या देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, १९६४ साली आली. आज पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाने अख्खी तरुणाई हायब्रीडच्या भाकरीवर काढली असेल, आणि चाळिशीत तीच भाकर ठेच्यासोबत त्याला गोड लागत होती. मग बदललं काय?

बदललं ते नाक. जीभ मुळात पाचच चवी ओळखते: गोड, आंबट, खारट, कडू आणि पिकल्या टोमॅटोत किंवा मटणाच्या रश्श्यात लागते ती भरदार चव, जिला उमामी म्हणतात. जिरं, लसूण, कोथिंबीर, मोहरीची फोडणी, भाजलेलं जवस यांना आपण चव म्हणतो, पण तो जवळजवळ सगळा वासाचा खेळ असतो. घास चावताना वास घशाच्या मागच्या बाजूने वर नाकात चढतो. पडताळून बघायचं तर नाक घट्ट दाबून संत्र्याची फोड चावा. आंबट-गोड रस लागेल, संत्रं लागणार नाही. नाक सोडलं की संत्रं परत येतं.

नाकाच्या अगदी वरच्या भागात वास ओळखणाऱ्या पेशींचा छोटासा पट्टा असतो. या पेशींवर वासाचे कण पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात, माणसाकडे त्यांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. ही ग्राहकांची व्यवस्था शोधून काढल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल मिळालं. या पेशी मरतात आणि नव्या तयार होतात, पण वयाबरोबर नवी भरती मंदावते आणि त्या पट्ट्यातल्या काही जागी साधी श्वासनळीसारखी त्वचा येते. पेशींचे धागे कवटीच्या हाडातल्या ज्या बारीक छिद्रांतून मेंदूकडे जातात, ती छिद्रंही अरुंद होत जातात. १९८४ साली अमेरिकेत रिचर्ड डॉटी आणि सहकाऱ्यांनी सुमारे २,००० लोकांची वास ओळखण्याची परीक्षा घेतली. ६५ ते ८० वयाच्या निम्म्याहून जास्त आणि ८० च्या पुढच्या सुमारे तीन-चतुर्थांश लोकांची ही क्षमता बरीच घटलेली निघाली.

आता त्या पारखी जिभेचं बघू. नाक हळूहळू जातं, वर्षानुवर्षं, त्यामुळे ज्याचं जातं त्याला कळत नाही. अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिनमध्ये ५३ ते ९७ वयाच्या लोकांची तपासणी करून २००२ साली निष्कर्ष आले. चाचणीत सुमारे २५ टक्के लोकांची वासशक्ती कमी निघाली, पण आपल्याला वास कमी येतो असं स्वतःहून सांगणारे १० टक्केही नव्हते. म्हणजे आजोबा भांडण उकरून काढत नाहीत. त्यांना वरण खरोखरच आळणी लागतं, आणि वास कमी झाल्याची जाणीव नसल्याने दोष समोरच्या ताटाला जातो. आजोबांचं खरं आहे आणि सुनेचंही खरं आहे, एवढं दोघांना एकत्र बसवून सांगितलं तरी घरातला अर्धा ताण उतरतो.

जीभ घासण्याबद्दल फार लिहित नाही. जीभ रोज साफ करावी, तोंडाची दुर्गंधी कमी होते. पण घासून नाकातल्या पेशी परत येत नाहीत. त्याच मजकुरासोबत येणारं जिभेचं चित्र, टोकाला गोड आणि मागे कडू, हेही चुकीचं आहे. १९०१ सालच्या एका जर्मन प्रयोगाचा पुढे चुकीचा अर्थ लावला गेला, त्यातून तो नकाशा आला. पाचही चवी जिभेवर सगळीकडच्या चवकळ्यांना कळतात.

मीठ-तिखट वाढवा, हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. वयाबरोबर खारटपणा ओळखायलाही जास्त मीठ लागू शकतं, त्यामुळे हात आपोआप वाढतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, तोही लोणचं, पापड, सांडगे सगळं धरून. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर पाणीच खारट. रक्तदाबाची गोळी एका हाताने द्यायची आणि दुसऱ्या हाताने मीठ वाढायचं, याचा परिणाम मला रक्तदाबाच्या यंत्रावर दिसतो.

तिखटाचं वेगळं आहे. ठेचा झोंबला की म्हातारं माणूस म्हणतं, बघ, माझी जीभ शाबूत आहे. पण तिखट ही चव नव्हेच. मिरचीतलं कॅप्सेसिन हे द्रव्य उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंवरच्या एका ग्राहकाला चेतवतं. हा ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्यासाठीच होता. वास गेला तरी ही झोंब बऱ्यापैकी टिकते, म्हणून वास हरवलेला माणूस तिखट मागत राहतो. मागू द्या, पोटाला सोसत असेल तर थोडं द्याही. मिठाऐवजी मात्र वास वाढवा. फोडणी शेवटी, वरून, वाढायच्या आधी द्या. लसूण-जिरं दुप्पट करा, लिंबू पिळा, जवसाची नाहीतर तिळाची चटणी बिनमिठाची कुटून ठेवा. जेवण गरम वाढा, गरम अन्नातून वास जास्त सुटतो. कवळी बसवलेल्यांना थोडं जास्तच करावं लागतं, कारण वरची कवळी टाळू झाकते.

गोळ्या बंद करा, हे मात्र कुणीही ऐकू नये. काही औषधांनी तोंड कडू किंवा लोखंडासारखं होतं हे खरं आहे. जंतुसंसर्गावरचं मेट्रोनिडाझोल, मधुमेहाचं मेटफॉर्मिन, रक्तदाबाचं कॅप्टोप्रिल ही त्यातली ओळखीची नावं. पण पर्याय बहुतेक वेळा असतो, आणि तो डॉक्टरांनी बदलून द्यायचा असतो. साखरेची गोळी मनाने सोडलेला माणूस पुढे पायाची जखम घेऊन येतो, तेव्हा तोंडाची चव हा प्रश्न उरलेला नसतो. तोंड कडू पडणं ही कधी आजाराची स्वतःची खूणही असते. मूत्रपिंड कमजोर झालं की रक्तात युरिया साठतो, लाळेत त्याचा अमोनिया होतो आणि प्रत्येक घास धातूसारखा लागतो. अशा माणसाच्या गोळ्या थांबवणं म्हणजे आजारच लपवणं.

इथे खर्ऱ्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सुपारी, तंबाखू, चुना घोटून खाणारी आमची माणसं तोंडाच्या कर्करोगाने नागपूरला, सेवाग्रामला जातात. तोंड-गळ्याला किरणोपचार सुरू झाले की साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून चव जायला लागते, लाळ आटते. भाकर तोंडात लाकडाच्या भुशासारखी फिरते. घरचे म्हणतात, याने जगायची उमेदच सोडली, जेवत नाही. उमेद सोडलेली नसते हो, घास गिळत नाही. पातळ आंबील, ताकातला भात, दूध-केळं, थोडं थोडं पण वरचेवर द्या आणि रागावू नका. बहुतेकांची चव उपचार संपल्यावर काही महिन्यांत बरीचशी परत येते, कोरडेपणा जास्त दिवस टिकतो.

शेवटचा मुद्दा, या वयात नाकाचं काय काम. सिलिंडरच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन घालतात. ज्या आजीला तो वास येत नाही ती काडी पेटवते. शिळी भाजी, आंबलेलं वरण, पाण्याच्या जुन्या बाटलीत ओतून ठेवलेलं फवारणीचं औषध, हे सगळं आधी नाकच ओळखतं. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. अमेरिकेतल्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या शेतकऱ्यांवरच्या अभ्यासात, कधीतरी कीटकनाशक अंगावर मोठ्या प्रमाणात उडालेल्यांमध्ये वर्षांनंतर वास कमी झाल्याच्या तक्रारी जास्त आढळल्या. म्हणून फवारणी करणाऱ्याने वास कमी झाल्याचं सांगितलं तर ते वयावर ढकलून देऊ नका.

पार्किन्सन या मेंदूच्या आजारात हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधी वास कमी होऊ शकतो. वास कमी झालेल्या प्रत्येकाला तो आजार होतो असं अजिबात नाही, पण अचानक गेलेला वास, एकाच नाकपुडीचा गेलेला वास किंवा डोक्याला मार लागल्यावर गेलेला वास घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं. सर्दीतापानंतर किंवा कोरोनानंतर वास गेला असेल, तर एक बिनखर्चाचा सराव आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे थॉमस हुम्मेल यांनी २००९ मध्ये तो मांडला: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक काही सेकंद, लक्ष देऊन घ्यायचे, किमान १२ आठवडे. सगळ्यांना गुण येत नाही, पण बऱ्याच जणांना येतो. लवंग आणि लिंबाची साल घरात असते, निलगिरीचं तेल मेडिकलमध्ये मिळतं. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, आणि सोबत सुनेलाही न्या, म्हणजे कारण तिलाही डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला मिळेल.